म्युझमदादाचा गुरुवार

आमच्या गावात दोन्ही हात पाठीमागे बांधून मासळी बघणारा एकच माणूस होता. पाटी समोर आली की इतर लोक कल्ले उघडून बघत, बोटाने दाबत, वास घेत. म्युझमदादा पाटीपासून दोन पावलं लांब उभा राही, मान किंचित वाकडी करी आणि नुसता बघत राही. कोळणी वैतागत. "दादा, घेतंस का राखन करतंस?" असं एकीने विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे. यशोदाकाकू, म्हणजे त्याची बायको, त्याला मासळी आणायला पाठवतच नसे. म्हणायची, "ह्यो बगून येतो, घेऊन येत नाय."

दादा मुंबईत नव्या चित्रांच्या एका संग्रहालयात शिपाई होता. कशाला हात लावायचा नाही आणि बसायचं नाही, हे दोन नियम त्याला तिथे पहिल्या दिवशी सांगितले गेले आणि ते त्याच्या अंगात मुरले. घरच्या कॅलेंडरसमोरही तो तसाच उभा राही. नुसती तारीख बघायला त्याला इतका वेळ का लागतो, ते काकूला कधी कळलं नाही. 'म्युझम' हा त्याचाच शब्द. गावाने तो त्याच्या नावाला चिकटवला. खरं नाव बाळाराम, पण त्या नावाने फक्त पोस्टमन हाक मारी.

मी हे जमेल तसं लिहिते आहे. कॉलेजात निबंध लिहिताना सर सांगतात, मुद्द्यावर या. दादाच्या बाबतीत मुद्दा कोणता, ते मला अजून नीट ठरवता येत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे विचारायचं तरी कोणाला? तेव्हा आठवतं तसं सांगते.

आमचं गाव न्हाव्याच्या बाजूला, खाडीकाठी. अर्धं गाव मिठागरावर, उरलेलं शेतावर आणि मासळीवर. मुंबईला जायचं तर मचव्यातून भाऊच्या धक्क्याला उतरायचं. दादाही आधी मिठागरावरच होता. एका पावसाळ्यात, मिठाचं काम बंद असताना, तो धक्क्यावर हमालीला गेला आणि एक भलं मोठं खोकं पाठीवरून या संग्रहालयात पोहोचवायला त्याला पाठवलं गेलं. खोक्यात दगडाची मूर्ती होती. त्याने ती अशी अलगद उतरवली की तिथल्या चिटणीस बाईंनी त्याचं नाव विचारलं आणि ठेवूनच घेतलं. ती मूर्ती कोणाची, असं आम्ही विचारलं की तो म्हणे, "कोनाची ते कोनाला ठावं नाय. पन माझ्या पाठीवरून आलीय, एवढं खरं."

संग्रहालय सोमवारी बंद असे. म्हणून सोमवार हा दादाचा रविवार. रविवारी संध्याकाळच्या मचव्याने तो यायचा आणि सोमवारभर त्याच्या ओटीवर आम्हा पोरांची गर्दी असायची. तो चित्रं सांगायचा. दुसरे लोक गोष्टी सांगतात, तशी तो चित्रं सांगायचा. "एक चित्र हाय. वर निलं, खाली तांबडं. त्या तांबड्यात कायतरी बसलंय. काय बसलंय ते मना अजून गवसलं नाय." किती वर्षं बघतोयस, असं मी विचारलं. "तीन." मी हसले. तीन वर्षं बघून कळत नाही ते कसलं चित्र? दादा शांतपणे म्हणाला, "तुझ्या आयशीला जलमापासून बगतंस. कलली?" आई तिथेच तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तिला जेवायच्या येलंला कलतंय मी." सगळे हसले, दादाही हसला.

पण मी सांगते आहे त्या वर्षी त्याचं हसणं कमी झालं होतं. संग्रहालयात गुरुवारी तिकीट नसे. ज्यांना तिकीट परवडत नाही त्यांनी यावं म्हणून चिटणीस बाईंनी भांडून तो दिवस मिळवला होता. आणि गुरुवारीच दालनं ओस पडत. हातगाडीवाले, गिरणीतले लोक, धक्क्यावरचे हमाल पायरीपर्यंत यायचे, आतल्या चकचकीत फरशीकडे बघायचे आणि वळायचे. दादा दारातून म्हणायचा, "या, या." मग ते आणखी भराभर चालू लागायचे. "ह्या खाकी कपड्याला भितात," तो सांगायचा. "त्याना वाटतं, पकराया बोलावतो."

वरच्या मंडळींनी ठरवलं की दिवाळीपर्यंत गुरुवार असाच रिकामा गेला तर तो बंद करायचा. दादाची नोकरी जाणार नव्हती. काकूने त्याला तसं समजावलंही. "तुझं काय जातंय? तुझा पगार तर सुटत नाय." तेव्हा तो जे म्हणाला ते मला लहान असूनही लक्षात राहिलं. "मंग ज्यांच्या घरात चित्रं हाईत, त्यानीच येऊन चित्रं बगायची. आमी नुसती वाहून आनायची."

बाईंनी पत्रकं छापून गल्लोगल्ली चिकटवली. गावातही दादाने आणली, पण वाचणार कोण? काहींनी त्यात सुकट बांधली. एका सोमवारी तो आमच्या ओटीवर येऊन बसला आणि आईला म्हणाला, "वयनी, खरं सांग. तुमी कनाला येत नाय? फुकट हाय, किती येला बोललो."

आई म्हणाली, "फुकट हाय ते कललं. पन आमाना बोलावलं कोनी?"

"मी बोलावतो ना."

"तू सांगतंस. बोलावलंस कवा? दार उघडं दिसलं म्हनून कोनाच्या घरात शिरताव काय आमी?"

दादा मग चहा न पिताच उठून गेला. आईला वाटलं, त्याला राग आला.

पुढच्या सोमवारी सकाळी तो स्वच्छ धोतर नेसून, डोक्याला टोपी घालून घराघरांत फिरला. हातात पितळी ताट, त्यात हळद, कुंकू, अक्षता आणि सुपाऱ्या. आमच्याकडे लग्नाचं आवतन असंच देतात. उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या, हातात सुपारी द्यायची. आवतन नसेल तर सख्खा भाऊही मांडवात पाय ठेवत नाही. आणि ते घेतलं की जावंच लागतं, आजारी असलात तरी. दादाने प्रत्येक उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या आणि म्हणाला, "बेस्तवारी आमच्या म्युझमाकडं कार्य हाय. समद्यानी यावं." दुसरे शब्द त्याला येत नव्हते.

पाच-दहा माणसं आली तरी पुष्कळ, असा त्याचा हिशेब होता. गुरुवारी मचव्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया ठेवणीतली लुगडी नेसून, केसांत अबोलीचे गजरे माळून आल्या. आणि आवतन आहे म्हटल्यावर रिकाम्या हाताने कोण जाणार? तांदूळ, नारळ, खण, कोणाची केळ्यांची फणी, आणि शेवटी सुक्या बोंबलांची एक मोठी टोपली. लग्नात धवले गाणारी आमची बायजा धवलारीण सगळ्यांत पुढे बसली होती. गावात तिच्याशिवाय कार्य उभं राहत नसे, मग म्युझमाचं तरी कसं राहणार? मी आईच्या मांडीवर होते. मी तेव्हा आठ वर्षांची असेन. मांडीवर बसायचं वय नव्हतं, पण दुसरीकडे जागा नव्हती.

आम्ही पायऱ्या चढून गेलो तेव्हा दादाचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्याने संग्रहालयात कोणालाच सांगितलं नव्हतं. दुसरा शिपाई बोंबलांच्या टोपलीकडे बघत होता. तेवढ्यात आतून चिटणीस बाई आल्या. पांढरी सुती साडी, डोळ्यांवर चष्मा, हातात पेन्सिल. त्या दारातच थांबल्या. बायजाने विचारलं, "यजमान कोन?"

दादा बाईंकडे बघत राहिला. माझ्या आठवणीत तो क्षण फार लांब आहे, खरा कदाचित थोडाच असेल. मग बायजाने स्वतःच ठरवलं. ती पुढे झाली आणि बाईंची ओटी भरायला तिने खण-नारळ पुढे केला. बाईंना काय करायचं ते कळेना. त्यांनी पेन्सिल धरलेला हातच पुढे केला. तेव्हा दादा हळूच म्हणाला, "पदर पुढं करा, बाई." इतकी वर्षं ज्यांचे हुकूम ऐकले त्यांना त्याने दिलेला तो पहिला हुकूम असावा. बाईंनी पेन्सिल कानामागे खोचली आणि पदर पसरला. त्यात तांदूळ पडले, नारळ पडला. एकामागून एक सगळ्या बाया पुढे झाल्या. शेवटी बाई म्हणाल्या, "या, आत या सगळे. उशीर झाला मला बोलवायला."

आत गेल्यावर सगळ्यांना चित्रं आवडली असं मी म्हणणार नाही. मचवा चालवणारा पांडूमामा एका चित्रासमोर उभा राहून म्हणाला, "ह्याच्यापेक्षा माझ्या मचव्याला बरा रंग हाय." दादा म्हणाला, "असंल. पन बग तरी." मामाने आणखी थोडं बघितलं आणि म्हणाला, "बगितलं. मचव्यालाच बरा हाय." आई मात्र एका मोठ्या पांढऱ्या चित्रासमोरून हलेना. त्यात काहीच नव्हतं. नुसते पांढरे, करडे तुकडे होते. ती डोळे बारीक करून म्हणाली, "ह्ये मिठागर हाय. भर दुपारचं."

दादा म्हणाला, "खाली वेगलं लिवलंय, वयनी."

"लिवलेलं मना वाचता येत नाय. डोलं तसंच दुखतात, एवढं मना ठावं."

बाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, पण लिहिलं काही नाही. त्याही डोळे बारीक करून बघू लागल्या.

मग बायजाने धवला धरला. कार्याला बोलावलं तर गायला हवंच. नवरा-नवरीची नावं नव्हती, म्हणून तिने समोर दिसेल ते गाण्यात घेतलं. निळी भिंत, तांबडा डाग, बिनडोक्याची दगडी बाई, चष्म्याची यजमानीण. बाया मागून सूर ओढू लागल्या. उंच छताखाली तो आवाज एवढा घुमला की रस्त्यापर्यंत गेला. आणि जे लोक इतकी वर्षं पायरीवरून परत जात होते ते आत आले. आत गाणं चाललंय म्हणजे काहीतरी कार्य आहे, आणि कार्याच्या घरी बघायला जायला कोणाची भीती? पाववाला टोपली घेऊन आला. दोन हमाल आले. एक बाई कडेवर मूल घेऊन आली. दादा प्रत्येकाला दारापाशी सुपारी देत होता. संपल्या तेव्हा नुसतं "या" म्हणू लागला. या वेळी कोणी पळालं नाही.

बोंबलांचा वास आठवडाभर ऑफिसातून गेला नाही आणि वरची मंडळी चिडली, असं दादाने नंतर सांगितलं. पण गुरुवार राहिला. बाईंनी दादाला एक काम वाढवून दिलं. महिन्यातून एकदा त्याने ताट घेऊन एखाद्या वस्तीत जायचं, कधी गिरणीच्या चाळीत, कधी धक्क्यावर, कधी खाडीपलीकडच्या गावांत, आणि रीतसर बोलावून यायचं. खाकी कपडे न घालता. काकू म्हणायची, "सोताच्या पोरीच्या लग्नाला एवढा फिरला नसता." त्यांना मूल नव्हतं. ती हे हसून म्हणायची.

दादा निवृत्त होऊन गावी आला तेव्हा मी मुंबईत कॉलेजात शिकायला लागले होते. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनला तो आज-उद्या करत राहिला. मी गुरुवारी तास संपले की संग्रहालयात जायची आणि सुट्टीला गावी आले की त्याला सांगायची. सुरुवातीला मी चित्रांचं वर्णन करू लागले, तर त्याने थांबवलं. "चित्रं मना ठावं हाईत. मानसं कोन कोन आली ते सांग." मी सांगितलं, शाळेच्या दोन मुली आल्या होत्या. एक दूधवाला किटली घेऊन आला होता. एक म्हातारा बाकावर झोपला होता. "त्याला उठवलं काय कोनी?" नाही, मी म्हटलं. "बेस. थंडगार हाय तिथं. उठल्यावर बगंल."

असं बरेच महिने चाललं. मी वहीत लिहून न्यायची, कोणी सांगायचं राहू नये म्हणून. एकदा सगळी यादी ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, "आनी तू? तू कनच्या चित्रासमोर उबी रायलीस?" मी वहीत शोधलं. मी माणसंच टिपत होते. दादा रागावला नाही. "मंग परत जा," एवढंच म्हणाला.

मी गेले. पण त्याला सांगायला गावी पोहोचायच्या आत तो गेला होता. झोपेतच गेला, काही त्रास झाला नाही, काकूने सांगितलं. मी काय पाहिलं ते सांगायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहिते.

दादा, जिन्याच्या वळणावर एक छोटं चित्र आहे. तिथे कोणी थांबत नाही, कारण सगळे वर जाण्याच्या घाईत असतात. त्यात एक हिरवी खुर्ची आहे, बाकी काही नाही. मी बराच वेळ उभी राहिले तेव्हा दिसलं, की खुर्चीचा एक पाय आधी दुसरीकडे काढलेला होता. वरून रंग दिलाय, तरी तो आतून दिसतो. चित्रकाराचं आधी चुकलं होतं आणि ते त्याने पुरतं झाकलं नाही. का, ते मला माहीत नाही. मला बरं वाटलं, एवढं माहीत आहे. मग हातात जेवणाचा डबा घेतलेला एक माणूस जिना चढत आला, मी काय बघते आहे ते बघायला थांबला. जागा थोडी होती. मी भिंतीकडे सरकले, आणि आम्ही दोघं बघत राहिलो.