रोजचं वजन

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. नव्वदच्या आसपास मी पनवेलला फौजदार होतो. एका कबड्डी मंडळाचे सचिव तक्रार घेऊन आले. संघातल्या एका मुलीने मंडळाचा वजनकाटा दगडाने फोडला होता. मुलगी एकोणीस वर्षांची, आदिवासी वाडीवरची, वीटभट्टीवर कामाला. चढाईत तिचा हात धरणारी दुसरी नव्हती. रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी होती आणि मंडळाच्या पत्राशिवाय तिला उतरता येणार नव्हते.

"गुन्हा नको, साहेब. माफी लिहून घ्या, म्हणजे पत्र देतो. या लोकांना जरा शिस्त लागू दे."

मलाही ते सोयीचे वाटले. माफीनामा तयार करून तिच्यापुढे सरकवला. तिने हात मागे घेतला.

"काटा का फोडलास?"

"मना रोज वजन नाय करायचा."

तासभर एवढेच. माझा आवाज चढला, तशा आमच्या ठाण्यातल्या एक महिला शिपाई मला बाहेर घेऊन गेल्या. त्या पोलीस संघातून कबड्डी खेळत.

"साहेब, वजन स्पर्धेआधी करतात. ही रोज म्हणतेय."

मी मंडळाची वजनाची वही मागवली. शहरातल्या मुलींच्या नावापुढे महिन्याला एक नोंद होती. वाडीवरच्या तिघींपुढे सरावाच्या प्रत्येक दिवशी.

"यांचं वजन प्रशिक्षक आतल्या खोलीत करतात," सचिव म्हणाले. "यांना खुराक कमी, लक्ष ठेवावं लागतं."

"घरून कधी कोणी विचारायला आलं?"

"यांच्या घरून? कोण येणार, साहेब?"

महिला शिपायांनी तिचा जबाब वेगळ्या खोलीत घेतला. "तो कडी लावाचा," ती म्हणाली. "काटाच नसला म्हंजे बोलवाचा नाय, असा वाटला." मग बाकीच्या दोघीही बोलल्या. त्याच संध्याकाळी प्रशिक्षकाला विनयभंगाच्या गुन्ह्यात अटक केली. पत्रावर मंडळाच्या अध्यक्षांची सही मी समोर बसून घेतली. ती चाचणीला उतरली.

त्यानंतर हद्दीतल्या प्रत्येक मंडळात मी तीन प्रश्न विचारत असे: वजन कोण करतो, कुठे करतो, सोबत बाई कोण असते?

त्या दिवशी तिने सही केली असती, तर 'आपसात मिटले' अशी नोंद मीच केली असती. त्याआधीच्या नोकरीत तसे शेरे मी अनेक प्रकरणांवर मारले होते, आणि त्यांतल्या कुणाच्याही बोलण्यातला असा एखादा 'रोज' म्हणजे काय, हे विचारले नव्हते.