सोळा आणि सतरा

आगाशीच्या आत्मारामला घाईत कुणी पाहिलं असेल तर ते खंडेनवमीलाच. एरवी एक स्क्रू पिळायलाही हा माणूस चहा गार होईपर्यंत वेळ घेणार! वसई पूर्वेच्या प्लास्टिक डब्यांच्या कारखान्यात तो अठ्ठावीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता, आणि त्याचा दरारा होता तो याच संथपणाचा.

बारा पॅनेलांवर नवे वीजमीटर आले तेव्हा त्यांना नेटवर्कवर जोडायचं काम त्यानेच केलं. सगळे मीटर एकाच नेटवर्कवर, म्हणून प्रत्येकाला वेगळा आकडा; तोच त्याचा पत्ता. पत्ता बरोबर असेल तरच ऑफिसातल्या स्क्रीनवर कुठल्या पॅनेलला किती वीज जाते ते नीट दिसणार. आत्मारामने अकरा ते बावीस आकडे एकेक करून दिले आणि दारांवर तेच स्टिकर लावले. दोनदा तपासले, बरं का.

आणि मग खंडेनवमी आली. दारं पुसायची, कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, झेंडू लावायचा. शेजारशेजारच्या सोळा-सतराचे स्टिकर त्याने काढून बाहीवर चिकटवून ठेवले. तेवढ्यात आरतीसाठी हाका सुरू झाल्या. चष्मा खिशातच राहिला आणि स्टिकर दारांवर गेले.

चार दिवसांनी युजीनला झटका बसला. युजीन त्याच्याच हाताखाली तयार झालेला वसई गावातला इलेक्ट्रिशियन. त्याने मेन बोर्डावरून सोळाची वीज बंद केली होती, स्क्रीनवर सोळा शून्य झाल्याचंही पाहिलं होतं. माणसं धावली तेव्हा तो दोन पॅनेलांच्या मध्ये पडला होता. उजवा हात मनगटापर्यंत भाजलेला. उघडं दार कुणीतरी घाबरून लोटून दिलं, त्यामुळे ते कुठलं होतं हे नंतर कुणाला सांगता येईना.

मॅनेजर जितेंद्रसाहेबांचं मत झालं, की युजीनने चुकून चालू पॅनेल उघडलं आणि आता तो सोळाचं नाव घेतोय. त्याला घरी बसवायचं जवळजवळ ठरलं. रिपोर्ट लिहायला त्यांनी आत्मारामलाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आत्माराम पॅनेलांपुढे उभा राहिला, चष्मा लावून. दारावर सोळा. आतल्या मीटरने पत्ता दाखवला, सतरा.

आणि खरं सांगायचं तर, मेल्याच्या मनात पहिला विचार आला तो युजीनचा नव्हे, स्वतःचा. मीटरचे पत्ते बदलणं दोन मिनिटांचं काम. मेन बोर्डावरची नावं बदलायची, की संपलं. स्टिकर खरे ठरतील, युजीन खोटा. मार्चमध्ये निवृत्ती होती. सगळ्यांसमोर शाल मिळायची होती.

दोन मीटरांना एकच पत्ता चालत नाही, म्हणून आधी एकाला तिसराच आकडा द्यावा लागतो. आत्मारामने बटण दाबून नव्याण्णव लावला. सेव्ह करायला बोट पुढे केलं तेव्हा दार हलून नजरेसमोर आलं. स्टिकरच्या कोपऱ्याखाली, कुंकू ओलं असताना उमटलेला अंगठा तसाच वाळला होता. त्याचाच. कितीतरी वेळ तो त्या अंगठ्याकडे बघत राहिला. स्वतःची इतकी किळस त्याला जन्मात आली नव्हती.

त्याने सेव्ह केलं नाही. स्टिकर तसेच ठेवून साहेबांना बोलावून आणलं, दाखवलं, आणि लेखी दिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, युजीनचं काही होणार नाही, तुमचं मात्र वर कळवावं लागेल.

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. शिव्या खायची तयारी करूनच गेला होता. सगळं सांगितलं. युजीन पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत होता.

"टेस्टर खिशातच होता, आत्माभाऊ," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून तुम्हीच शिकवलंत, लावल्याशिवाय हात घालायचा नाही. पण आकडा तुम्ही लावलेला. म्हटलं, काय तपासायचं?"

आत्मारामला मान वर करता येईना.