डोळे धुण्याच्या बाटल्या

औषध कारखान्यातल्या सेफ्टीवाल्या बाईंना निवृत्त व्हायला चौदा महिने उरले होते आणि गुडघ्यांनी त्याआधीच राजीनामा दिला होता. इंजेक्शनं भरायच्या निर्जंतुक खोलीत जायचं म्हणजे बाकावर बसून एकेक पाय त्या पांढऱ्या झग्यात घालायचा, मग टोपी, मास्क, गॉगल, हातमोजे. दहा मिनिटं त्यातच जात.

त्या खोलीत डोळे धुवायचा नळ नव्हता. तो बाहेर होता, दोन दारांपलीकडे. बाईंनी तीनदा लेखी कळवलं होतं. क्वालिटीच्या साहेबांनी तिन्ही वेळा एकच सांगितलं, "बाई, पाणी आत नको. साचलं की जंतू होतात. ते औषधात गेले तर?" त्यांचंही खरंच होतं, म्हणून तर भांडायलाही उत्साह उरला नव्हता. चौथं पत्र बाईंनी लिहिलंच नाही.

मग एका दुपारी मशीनवरच्या बाईच्या डोळ्यात जंतुनाशक उडालं. दोन लेकरांची आई, हाताला चलाख. गॉगलवर वाफ धरली म्हणून क्षणभर वर सरकवला होता. ती चाचपडत दाराशी गेली. पण पहिलं दार पूर्ण लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, आणि मधल्या खोलीत ती नुसती बटण दाबत राहिली. नळापर्यंत पोचायला दीड मिनिट लागलं.

डोळा वाचला, पण ती महिनाभर रजेवर गेली.

चौकशीत सगळ्यांनी तिने गॉगल वर सरकवल्याचाच दोष काढला. बाईंनी ऐकून घेतलं. मग थकल्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, एकदा माझ्याबरोबर आत चला. डोळे मिटून बाहेर येऊन दाखवा."

साहेब गेले. बाकाला नडगी आपटली, मधल्या खोलीत दिशा चुकली, आणि ते भिंतच ढकलत बसले. डोळे उघडले तेव्हा बाईंकडे न बघता म्हणाले, "सीलबंद बाटल्या चालतील. निर्जंतुक पाण्याच्या. भिंतीत खाचा करून बसवू, म्हणजे धूळ बसणार नाही. बाहेरच्या नळापर्यंत पोचेतो तरी डोळा धुतला जाईल."

"हे आधी सुचलं असतं तर," बाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. त्यांना स्वतःला तरी कुठे सुचलं होतं?

काम बंद ठेवून भिंत कापली. दोन दिवस धूळ, तीन दिवस धुणं-पुसणं, मग जंतू तपासायला हवेचे नमुने. एक नमुना नापास झाला. पुन्हा सगळं पहिल्यापासून. बाई रोज झगा चढवत होत्या, उतरवत होत्या. घरी गेल्या की नवरा न विचारता गरम पाण्याची पिशवी पुढे करी.

रजेवरून परतलेल्या बाईने भिंतीतली ती बाटल्यांची पेटी पाहिली. "माझ्यामुळे बसवली का ताई?"

"तुझ्याआधी बसायला हवी होती. मी तीनदा लिहिलं आणि गप्प बसले."

ती मशीनपाशी गेली. डोळे मिटून मशीनपासून पेटीपर्यंत चालत गेली, हात बरोबर बाटलीवर पडला. "सापडते," ती म्हणाली आणि कामाला लागली.

अशाच आणखी पाच खोल्या बाकी होत्या. बाई बाहेर आल्या, झगा काढला, बाकावर जरा टेकल्या आणि दुसऱ्या खोलीसाठी नवा झगा मागवला.