स्विचमधली हाताने घातलेली नोंद

बिडकीनच्या रस्त्यावरच्या एका कारखान्याची ती चौकशी आठवली की आजही आधी हसूच येतं. निवृत्ती जवळ आली होती आणि तिथलं ठाणं माझ्याकडे होतं.

सकाळची हजेरी आटोपली आणि एक निनावी फोन आला. कारखान्यातल्या यंत्रांची रेखाचित्रं बाहेर जातात, नेटवर्क सांभाळणारी मुलगी ती पाठवते, एवढं सांगून माणसाने फोन ठेवला. स्टेशन डायरीत नोंद घेतली. दुपारी कारखान्याचा व्यवस्थापक स्वतः फिर्याद द्यायला आला. त्याचाही संशय त्याच मुलीवर होता.

मुलगी मूळची पिशोरची, शेतकरी घरातली. लग्न ठरलेलं. महिला हवालदारासमोर मी चौकशी सुरू केली. बाहेर बाकावर बसलेले तिचे वडील मध्येच दारात आले.

"साहेब, पोरगी लई सरळ हाय माझी. लगीन तोंडावर आलंय. सासरच्या लोकायला काय सांगू?"

"दादा, बसा. अजून कोणी तिला चोर ठरवलेलं नाही," मी म्हणालो.

मुलगी रडेल असं मला वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "सर, कारखान्यातला सगळा डेटा नेटवर्कच्या एका मोठ्या स्विचमधून, म्हणजे सगळ्या वायरी जोडलेल्या पेटीतून जातो. कुठला डेटा कोणत्या वाटेने पाठवायचा, हे त्याच्या राउटिंग टेबलमध्ये दिसतं. ते बघा."

"स्विच तुमच्याच ताब्यात असतो. तुम्ही दाखवाल ते मी कसं मानू?"

"मानू नका. तुमचा माणूस बसवा. मी हातही लावणार नाही."

सायबर विभागाचा अधिकारी आणि दोन पंच घेऊन आम्ही कारखान्यात गेलो. अधिकाऱ्याने टेबल पडद्यावर आणलं. बाकीच्या वाटा स्विचनी आपसांत शिकून घेतलेल्या होत्या. एक मात्र कोणीतरी हाताने घातली होती. रेखाचित्रांची प्रत दुसऱ्या इमारतीत जायची, ती या नोंदीमुळे आधी भलत्याच पत्त्यावर वळत होती.

"दुसऱ्या इमारतीतल्या स्विचशी ताडून बघा," मुलगी लांबूनच म्हणाली. ताडून बघितलं. खरी वाट असती तर तिकडेही तिची नोंद दिसली असती; तिकडे अशी नोंद नव्हती. त्या भलत्या पत्त्याकडे जाणाऱ्या वायरचा माग काढत आम्ही भांडारखोलीत पोचलो. खोक्यांमागे एक छोटा संगणक चालू होता. येणारी प्रत्येक प्रत तो बाहेर पाठवत होता.

नोंद कधीपासूनची आहे, तेही टेबलमध्ये दिसत होतं. मागे मोजत गेलो तर कारखान्याच्या सुट्टीची दुपार निघाली. स्विचमध्ये बदल करायचा तर कारखान्यातच, स्विचच्या खोलीत येऊन त्याला वायर जोडावी लागायची.

मुलगी पहिल्यांदा हसली. "त्या दुपारी मी वेरूळला होते, सर. माझा साखरपुडा होता."

वडिलांना बोलावलं. त्यांनी मोबाइल काढला आणि फोटो दाखवायला लागले. "ही पोरगी. हे जावई. हा तिचा मामा, जेवला लई." आपण चौकशीला आलोय, हे ते पार विसरले. मामाच्या तिसऱ्या फोटोला पंचांनाही हसू आवरेना. प्रत्येक फोटोवर वेळ होती आणि मुलगी प्रत्येकात होती.

मग व्यवस्थापकाला बोलावलं. संगणकाबद्दल अवाक्षर न काढता एवढंच म्हणालो, "स्विचमध्ये एक नोंद सापडली आहे."

तो लगेच म्हणाला, "भांडारखोलीची किल्ली माझ्याकडे नसते, साहेब."

"भांडारखोलीचं नाव मी कुठं घेतलं?"

त्याने पाणी मागितलं. मग सगळं सांगितलं. स्विचचा पासवर्ड त्याला माहीत होता. आळ मुलीवर यावा म्हणून सकाळचा निनावी फोनही त्यानेच केला होता. पंचनामा करून संगणक सील केला आणि त्याला ताब्यात घेतलं.

इतकी वर्षं मी संशयितांचे चेहरे वाचत आलो. घाम, नजर, हातांची चुळबुळ. या प्रकरणानंतर आणखी एक गोष्ट बघायला लागलो: माणूस तपास उरकायची घाई करतो की पुन्हा तपासा म्हणतो. लपवणाऱ्याला प्रकरण मिटायला हवं असतं. ती मुलगी मात्र एकदा बघून झाल्यावरही ताडून बघा म्हणत होती, आणि तिच्या लग्नात घाई होती ती फक्त आम्हाला वाढणाऱ्यांची.

पिशोरला मांडवात पोचलो तेव्हा वडिलांनी हात धरून मला पहिल्या पंगतीत बसवलं. शेजारच्या पाटावरच्या गृहस्थांना ते म्हणाले, "हे आमचे साहेब. पोरीला ठाण्यात घेऊन गेले होते."

त्या गृहस्थांचा घास हातातच राहिला. मग नवरीच धावत आली आणि सगळ्यांना नीट समजावून सांगत बसली, तोवर मी दुसरी जिलबी संपवली होती.