मार न कळणारा कीबोर्ड

लग्नाच्या बँडमध्ये मी तीन हंगाम कीबोर्ड वाजवला. त्या काळात मार खाण्याचे प्रसंग पाच आले. एकदा नवरदेवाच्या मामाला हवं ते गाणं आम्हाला येत नव्हतं म्हणून. एकदा ते येत होतं, पण भावकीतल्या दुसऱ्या गटाला नको होतं म्हणून. एकदा कारण शेवटपर्यंत कळलं नाही. पॅड वाजवणाऱ्याच्या कानशिलात बसली, त्यानं पडलेली टोपी उचलली आणि पुढचं गाणं सुरू केलं. बँडवाल्यानं उलट हात उचलायचा नाही, हा नियम होता. हात वाजवायला लागतात.

बँड मुखेड तालुक्यातला. मालक म्हणजे आमचे मास्तर. कीबोर्ड तेच वाजवत. त्यांना पुढं जाऊन गर्दी हाकावी लागली की मी वाजवायचो. कीबोर्ड एकच होता, नांदेडच्या बाजारातून आणलेला, स्वस्तातला. पट्ट्या अरुंद, दोन पट्ट्या चिकटपट्टीनं धरलेल्या. त्याला मार कळत नसे. पट्टी हलकेच दाबा की मुठीनं हाणा, आवाज तेवढाच. नाचणारे पोरगे दारूच्या भरात येऊन त्यावर थापा मारत, कोपर टेकत, एकानं तर कपाळ आपटलं होतं. कीबोर्ड तसाच एका आवाजात चालू राहायचा.

मास्तरांना महागडा हवा होता. ते मुळात गावच्या भजनात पेटी वाजवून शिकलेले. भाता सोडला की सूर बसतो, ओढला की उठतो, हे त्यांच्या हातात होतं. "वीस वर्षं झाली, मी एकाच आवाजात बोलून राहिलो," ते म्हणायचे. "बायकोशी बी तोच अन् पाव्हण्याशी बी तोच. असा माणूस असतो का?"

लातूरच्या दुकानात आम्ही जुना आणि महागडा असे दोन्ही कीबोर्ड शेजारी ठेवून पाहिले. आमचा कीबोर्ड मी पोत्यात गुंडाळून नेला होता. दुकानदार कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेला, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं काचेच्या कपाटातून जपानी कीबोर्ड काढला आणि मास्तरांचा हात धरून पट्ट्यांवर ठेवला.

"आता फुलावानी दाबा."

सूर जेमतेम आला.

"आता द्या दणका."

कपाटाच्या काचा थरथरल्या. दुकानदार हसला. "बघितलं का, मास्तर? ह्याला राग कळतोय. तुमचं ते बहिरं हाय."

ठरलं असं : एका लग्नात वाजवून बघायचा. पटला तर ठेवायचा, नाही तर सोमवारी परत. अट एकच, ओरखडा पडता कामा नये. उदगीरमार्गे येणाऱ्या एसटीत मास्तर तो खोका मांडीवर घेऊन बसले.

"मास्तर, नव्या नवरीला बी खिडकीला बसवतेत," पॅडवाला मागच्या बाकावरून म्हणाला. "हिला मांडीवरच का?"

"गप बस. ओरखडा पडला तर तुझं कातडं काढून तिथं लावीन."

दोन कीबोर्डमधला आणखी एक फरक त्या रात्री मास्तरांनी मला समजावला. डाव्या बाजूच्या पट्ट्या तालासाठी. आमच्या जुन्यात ताल बंद असला की त्या मुक्या असत. गाणं थांबलं की मी डावा हात तिथंच टेकवून गाड्याबरोबर चालायचो. तीन हंगामांची सवय. नव्यात एक बटण होतं. ते दाबून ठेवलं की छोटा दिवा लुकलुकायचा, आणि मग डावीकडच्या कुठल्याही पट्टीला बोट लागताच ढोल, टाळी, बास असा सगळा ताल एकदम सुरू व्हायचा. "देवळापाशी पोचलो की ह्यानं उडवून द्यायचं," मास्तर म्हणाले. मी ते तीनदा करून पाहिलं. जमलं.

लग्न रविवारी दुपारचं. आधी सकाळी नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला निघतो. आमच्याकडे याला परण्या म्हणतात. पुढं नाचणारे, मागं घोडा, मधे आमचा गाडा : भोंगे, जनरेटर, कीबोर्ड. वाटेत एक दुःखाचं घर होतं. त्या घरचा तरणा मुलगा चार दिवसांपूर्वी नांदेडच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून जाताना ट्रकखाली गेला होता. अशा घरावरून बँड वाजवत जात नाहीत. बँडच्या मालकानं पुढं जाऊन, दारात हात जोडून शब्द द्यायचा असतो. मास्तर गेले. ओट्यावर बसलेल्या मुलाच्या बापाला म्हणाले, "दादा, तुमच्या दारावरून मुक्यानं जातोत."

"जावा," तो म्हणाला. "लेकराला झोप लागलीय समजा."

मास्तरांनी वळून मला हात केला. मी वाजवणं थांबवलं. गाडा हळूहळू निघाला. देऊळ पन्नास पावलांवर होतं, म्हणून मी आधीच ते बटण दाबून ठेवलं. दिवा लुकलुकू लागला. रस्ता चढाचा होता. मी नेहमीसारखा डावा हात पट्ट्यांवर टेकवला.

ताल त्या घराच्या बरोबर दारात सुरू झाला. चारही भोंगे. पुढच्या पोरांना वाटलं, इशारा झाला. त्यांनी हात वर करून नाचायला सुरुवात केली.

बंद करायचं बटण मला सापडलं नाही. जुन्यावर ते लाल आणि अंगठ्याएवढं होतं. नव्यावर एकसारख्या करड्या बटणांच्या दोन रांगा होत्या. मी एक दाबलं, ताल जलद झाला. दुसरं दाबलं, टाळ्या वाढल्या.

पहिला दगड भोंग्यावर बसला. दुसरा पॅडवाल्याच्या भुवईवर. रक्त डोळ्यात उतरलं तसा तो खाली बसला. घरातून आणि शेजारच्या दोन वाड्यांतून माणसं काठ्या घेऊन आली. नाचणाऱ्यांतला एकजण हसत होता, त्याला काही समजलंच नव्हतं; काठी त्याच्या गुडघ्यावर बसली आणि त्याचा आवाज मी तालातूनही ऐकला. घोडा उधळला. नवरदेव लगाम सोडून मानेला बिलगला. त्याच्या चुलत्यांनी मांडवाचे बांबू उपसून आणले. आता दोन्हीकडून मारणारे होते आणि मधे गाडा.

मुलाची आई गाड्याशी आली. ती ओरडत नव्हती. तिनं दोन्ही मुठी आवळल्या आणि कीबोर्डवर मारायला लागली. तिला तो बंद करायचा होता. पण हा कीबोर्ड मार ओळखणारा होता. ती जितक्या जोरानं मारत होती, तितक्या जोरानं तो ओरडत होता. तिनं आणखी जोर लावला. तिच्या बांगड्या फुटून काचा पट्ट्यांवर पडल्या. मी तिचे हात धरले नाहीत. मी काहीच केलं नाही.

तिचा दीर धावत आला. हातात जुवातली शिवळ होती, हातभर लांब, जाड लाकडी खुंटी. त्यानं वहिनीला खांद्यानं बाजूला लोटलं आणि शिवळ डोक्याच्या वर नेली. मास्तर दारातून परत पळत आले होते. "दुकानाची हाय! बाबा, दुकानाची हाय!" असं म्हणत त्यांनी उजवा हात पसरून पट्ट्यांवर टाकला. शिवळ हातावर बसली. सगळे सूर एकदम वाजले, त्या दिवसातला सर्वांत मोठा आवाज. दुसरी बसली. मास्तरांनी हात काढला नाही. तिसऱ्या वेळी कुणीतरी जनरेटरची वायर उपटली आणि शांतता झाली. मग काठ्यांचा आवाज नीट ऐकू यायला लागला.

सगळं मिळून दहा मिनिटं असावीत.

दवाखान्यात पोलीस आला. "वाजवत कोण होतं?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडलं, पण मास्तर आधी बोलले. "मीच. मशीन नवी होती, साहेब. कळली न्हाई." दोन दिवसांनी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या : किरकोळ कारणावरून हाणामारी. पुढं मी बातमीदार झालो. हे शब्द इतरांच्या बातम्यांत मी अनेकदा पाहिले, जागेअभावी काही वेळा तसेच जाऊ दिले.

सोमवारी कीबोर्ड परत न्यायचा होता. मी एकटाच गेलो. दुकानदारानं तो पांढऱ्या कापडावर ठेवला, कडा पाहिल्या, एकेक पट्टी दाबली. आधी हळू, मग जोरात. सगळ्या वाजल्या. दोन पट्ट्यांच्या फटीत त्याला काहीतरी काळपट दिसलं. त्यानं काडीला कापूस गुंडाळून ते काढलं, कापसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तरांना पसंत न्हाई पडला?"

"पडला," मी म्हणालो. "हात गेला त्यांचा."

त्यानं पांढऱ्या कापडाची टोकं कीबोर्डवर दुमडली. मग म्हणाला, "ह्याला मात्र काही झालेलं न्हाई." कौतुक नव्हतं त्यात; माल तपासून सांगावं, तसं सांगितलं.

तेराव्याला मास्तर गळ्यात हात अडकवून त्या घरी गेले. मी नको म्हणालो. "मार मला बसला ते वेगळं," ते म्हणाले. "शब्द माझा मोडला." मग मीही बरोबर गेलो. ओट्यावर आम्हाला जागा दिली गेली. दीर समोर बसला होता. जेवताना मास्तरांना डाव्या हातानं खावं लागलं, तेव्हा त्या आईनं पत्रावळीवर भात कालवून दिला आणि आत गेली.

परतताना मी त्यांना सांगितलं की सवयीनं हात टेकवला होता.

"ठाव हाय. तो दिवा लुकलुकताना मी दारातून पाहिला होता. वरडायला गेलो, पण मुक्यानं जायचा शब्द दिल्ता. त्या घरापुढं वरडू कसा?"

हाडं जुळली, बोटांत जोर आला नाही. मधली तीन बोटं वाकतात, दाबत नाहीत, नुसती टेकतात. पेटीची पट्टी त्यांना दाबवत नाही. महागड्या कीबोर्डवर अशा बोटांनी सूर जेमतेम उमटला असता, दुकानात फुलासारखं दाबल्यावर उमटला होता तेवढाच.

मागच्या हंगामात मी मुखेडला गेलो होतो. बाजाराच्या दिवशी वरात चालली होती. गाड्यावर मास्तर होते. समोर तोच नांदेडचा कीबोर्ड, चिकटपट्टी नवी. एक झिंगलेला पाहुणा येऊन त्यावर थापा मारत होता आणि त्याच्या हाताशेजारी मास्तरांची बोटं पट्ट्यांवर नुसती टेकत होती. दोघांच्याही हातांखालून सूर तेवढ्याच आवाजात येत होता.