थोरली पालथी पडली

"पडदा ओढ म्हणते ना मी! येणारंजाणारं माणूस आत बघतंय."

"पडदा नाहीच आहे, जाऊबाई. मुद्दामच लावला नाही."

"मग आतल्या खोलीत घे बाळाला. थोरलीचा एवढा तरी मान ठेव."

"आतल्या खोल्या तुमच्या घरी. माझ्याकडे सगळं उघड्यावर."

थोरलीचं तोंड एवढंसं झालं. खांद्यावर नातू, सात महिन्यांचा झाला तरी पोर मान धरत नव्हतं.

ताई गालातल्या गालात हसली. वाढीत मागे राहिलेल्या बाळांना ती मान धरायला, बसायला, उभं राहायला शिकवायची. आया तिला ताईच म्हणत. तिची स्वतःची लेक अशीच मागे राहिली होती. तेव्हा पाहुणे आले की हीच थोरली त्या पोरीला आतल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घालायची. 'चारचौघांत शोभा नको.' शेवटी ताई लेकीला घेऊन घराबाहेर पडली. दवाखान्यात पोरीवर उपचार करणाऱ्यांचे हात बघत बसायची. पुढे रीतसर तेच शिकली आणि भर रस्त्यावर ही काचेची खोली घेतली. लेक आता काठी टेकत कॉलेजला जाते. पण थोरली एकदा या दारात यावी म्हणून ताई देव पाण्यात घालून बसली होती.

"बाळ दिवसभर कोणाकडे असतं?"

"माझ्याकडेच. सून कामावर जाते."

"मग शिकायचं तुम्ही. इथला नियमच आहे. चला, पालथ्या पडा."

"कोण, मी?"

"मग? मान उचलून त्यानं बघायचं कोणाकडे, फरशीकडे? तोंडासमोर तोंड हवं."

एरवी ताई स्वतः आधी पालथी पडून दाखवायची. आज खुर्चीवरून हलली नाही.

थोरलीनं बाळाला गादीवर पालथं ठेवलं आणि कण्हत, कपडे सावरत त्याच्यासमोर पालथी पडली. ताईनं खुर्चीतूनच वाकून टॉवेलची गुंडाळी बाळाच्या छातीखाली सरकवली. तेवढ्यात काचेबाहेर थोरलीची शेजारीण थबकली. ताईनं हात केला, "या ना, बघा तरी, आमच्या जाऊबाई!"

थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाळानं भोकाड पसरलं.

"बोला त्याच्याशी."

"काय बोलू?"

"मला बोलताना कधी शब्द कमी पडले नाहीत तुम्हाला."

"ए... ए ढेरपोट्या," थोरली चाचरत म्हणाली. "बघ की रे इकडे! आजी बघ कशी मगरीसारखी पडलीये!"

बाळ गप्प झालं. मान थरथरत वर आली, क्षणभर टिकली, आणि नाक गादीवर आपटलं.

"उचलली! अगं, उचलली त्यानं!" थोरली कोपरांवर पुढे सरकली. काच, रस्ता, शेजारीण, कशाचं भान उरलं नाही तिला. "अजून एकदा, माझ्या राजा!" बाहेर शेजारीण टाळ्या पिटत होती.

ताईचे ओठ आवळले गेले. हे तिला नको होतं. थोरलीची मान खाली गेलेली बघायची होती तिला.

थोरलीनं तशीच पालथी पडून वर पाहिलं. डोळे डबडबलेले. "तुझ्या पोरीनं पहिल्यांदा कधी उचलली गं मान? आपल्याच घरात होतीस ना तेव्हा? मग मला कसं आठवत नाही?"

बाहेरून कडी घातलेल्या खोलीत उचलली होती, हे त्या डोळ्यांत बघून ताईला सांगवेना. ती उठली, पायात चपला सरकवल्या, आणि दार ढकलून रस्त्यावर निघून गेली.