दुपट्याचा राहिलेला कोपरा

वहिनीनं ते दुपटं पुरं केलं नव्हतं. मी केलं होतं.

एवढं वाक्य लिहायला मला पन्नास वर्षं लागली. म्हणून आधीच लिहून टाकलं, नाहीतर याही वेळी पळ काढला असता.

आज सकाळी माझी वहिनी गेली. माझ्या एकुलत्या एक दादाची बायको. दादा आधीच गेलाय, मूलबाळ नाही, म्हणून तोंडात पाणी घालायला मीच होते.

बहात्तरचा दुष्काळ. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव. मी दहा वर्षांची, वहिनी असेल एकोणीसची. एवढ्याशा पोरीला ती 'वन्सं' म्हणायची, अहो-जाहो करायची. मला लई भारी वाटायचं.

तिला दिवस गेले होते. तरी रोज तलावाच्या कामावर जायची, डोक्यावर मातीच्या पाट्या. तेव्हा सगळ्याच बायका जायच्या. घरी आली की भिंतीला टेकून बसायची आणि क्रोशाची सुई हातात घ्यायची.

नवी लोकर कुठून आणणार? श्रीगोंद्याला तिचं माहेर, तिथून येताना आणलेला लाल स्वेटर तिनं उसवला. पिवळी लोकर एका जुन्या टोपीची, हिरवी दादाच्या मफलरची.

मधे लाल फूल, भोवती पिवळं, कडेला हिरवं. पंजाएवढा एक चौकोन. असे वीस जोडले की बाळाचं दुपटं.

मलाही शिकवलं तिनं.

"वन्सं, एका घरात तीनच खांब घाला. चार घातले की फुगतंय ते."

खांब म्हणजे उभा टाका. मी हमखास चार घालायचे, कारण मोजताना बडबड चालू. माझं तोंड कधीच बंद नसतं हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तेव्हाही नसायचं.

आमच्या घरची एक रीत होती. बाळाचं काहीही आधी पुरं करायचं नाही.

आई वहिनीला म्हणाली, "येक कोपरा मोकळा ठिव. पोर रडलं की मग भर."

वहिनीनं एकोणीस चौकोन जोडले, एक कोपरा मोकळा ठेवला आणि दुपटं ट्रंकेत घातलं.

मला काही तो कोपरा बघवेना. एवढं सुंदर दुपटं आणि उंदरानं खाल्ल्यासारखं दिसायचं. शिवाय वहिनीला खूश करायचं होतं. रीत वगैरे मी ऐकलं होतं, पण ते मोठ्या माणसांचं बोलणं, आपल्याला काय त्याचं.

सगळे कामावर गेल्यावर दोन दुपारी बसून मी तो चौकोन विणला. जोडला. होती तशी घडी घालून दुपटं ठेवून दिलं. तिला सरप्राईज.

आठव्या महिन्यात कामावरच तिच्या पोटात दुखायला लागलं. घरी आणलं. मुलगी झाली.

रडली नाही.

सुईण म्हणाली, गुंडाळायला काही द्या. आईनं ट्रंकेतून दुपटं काढून झटकलं आणि तशीच उभी राहिली.

"हे कवा पुरं केलंस गं?"

वहिनी बाजेवर होती. तिनं हात लांब करून दुपट्यावरून बोटं फिरवली. कोपऱ्यातल्या चौकोनाशी थांबली. तो फुगलेला होता.

मग माझ्याकडे बघितलं. मी दाराला चिकटून उभी होते.

"चुकलं, आत्याबाई," वहिनी आईला म्हणाली. "घाई झाली माजी."

मुलीला त्यातच गुंडाळून दादा ओढ्याकडे घेऊन गेला.

त्यानंतर वहिनीला दिवस राहिलेच नाहीत. क्रोशाची सुई तिनं हातात धरली नाही. गावात तिचं नाव पडलं, घाईवाली. कुणाच्या डोहाळजेवणाला बोलावणं नाही. बारशाला गेलीच तर मागं उभी.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली, रडली, चांगली ठणठणीत. वहिनी बघायला आली तर आईनं उंबऱ्यातच थांबवलं.

वहिनी तिथूनच म्हणाली, "लई गुनी हाय तुमचं पोर, वन्सं."

मी बाळाला पाजत होते. मूग गिळून बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर मी होते.

तीच मुलगी आज डॉक्टर आहे. तिला एकदा सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, आठव्या महिन्यात पाट्या उचलत होती ती. पोटाला धड अन्न नाही. दुपट्याचा काय संबंध?"

अगं, कळतं मला. पण हे वहिनीला कुणी सांगितलं? मी तरी कधी सांगितलं?

दोन वर्षांपूर्वी धीर करून म्हणाले, "वहिनी, ते दुपटं..."

"कोनतं दुपटं? च्या घेता ना, वन्सं?" म्हणाली आणि आत गेली. मला हायसं वाटलं. खरंच वाटलं, लाज वाटते लिहायला.

आज तिला आंघोळ घालताना शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई सोन्याची हुती. तेवडी घाई केली नस्ती तर घर भरलेलं असतं."

तांब्या माझ्याच हातात होता. मी पाणी घालत राहिले.

आजसुद्धा.

वहिनीकडे साधा मोबाईल होता, फेसबुक नव्हतं. असतं तर ही पोस्ट मी टाकली नसती. एवढीच माझी हिंमत.

प्लीज खाली मला धीर देऊ नका. गावातल्या कुणाच्या फोनवर हे आलं तर घरातल्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवा. सगळं.

श्रद्धांजली वाहायला माझे हात स्वच्छ नाहीत.

वहिनी, घाई तुझी नव्हती गं. माझी होती.

जा आता.